इंजनवाडीची ओ

आमच्या वाडीचं नाव काटा. खानापूरहून पश्चिमेला गेलं की जंगल दाट होत जातं. त्या बाजूच्या एका डोंगराच्या उतारावर या वाड्या आहेत : काटा, भोंगा, चाळ, दारूगोदाम. नावं कुणी मुद्दाम ठेवलेली नाहीत. खाणीतला काळा दगड जिथं वजन करून ट्रकात भरत, तिथं राहणारे काट्यावरचे. पाळी सुटल्याचा भोंगा जिथं होता, तिथले भोंग्यावरचे. सुरुंगाची दारू ज्या दगडी खोलीत कुलपात ठेवत, तिच्याभोवतीची वस्ती दारूगोदाम. तिथल्या मुलींची लग्नं जमवताना पाहुण्यांना हे नाव नीट समजावून सांगावं लागे, आणि सांगून झाल्यावरही पाहुणे हसतच. खाण मँगनीजची होती. मला कळू लागलं तेव्हा ती बंद पडलेली होती. कंपनीनं यंत्रं नेली, रूळ उपटून नेले, वजनाचा काटासुद्धा नेला. माणसं राहिली, कारण ती जिथून आली होती तिथं आता त्यांचं काही नव्हतं.

पाचवी वाडी इंजनवाडी. आमच्या खाली, ओढ्यापलीकडच्या सखल भागात ती होती. बोगद्यात साचणारं पाणी उपसायचं इंजिन तिथं बसवलेलं होतं म्हणून ते नाव. मी ते इथं लिहिते आहे, पण आमच्या घरात ते कुणी उच्चारत नसे. म्हणायचंच झालं तर ‘तिकडं’ म्हणत आणि हनुवटीनं दिशा दाखवत. पुढं बेळगावात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी नोकरी केली. तालुक्याच्या बातमीदारांनी पाठवलेली गावांची नावं तपासणं हा त्या कामाचा भाग होता. सरकारदरबारी आमच्या सगळ्या वाड्या डोंगराखालच्या एकाच गावाच्या नावात मोडतात. इंजनवाडीचा उल्लेख मला कुठल्याही कागदावर मिळाला नाही. पण तो पुसला गेला असं म्हणता येणार नाही. तो बहुधा कधी नव्हताच.

आमचं घर दगडी भिंतींचं, कौलारू. जमीन कितीही सारवली तरी आठवड्यात काळपट होई. हवेत, पाण्यात, भाताच्या पेंढ्यात सगळीकडं तो काळा चुरा होता. आईनं धुतलेली पांढरी कापडं राखी दिसत आणि आम्ही त्यालाच पांढरं म्हणत असू. आप्पा, म्हणजे माझे वडील, खाणीतून सुटल्यावर खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात लागले होते. सायकलवरून जात आणि अंगावर लाल माती घेऊन येत. त्यामुळं आमच्या न्हाणीतून दोन रंगांचं पाणी वाहे. सकाळी नाचण्याची आंबील, दुपारी भाकरी आणि हुलग्याचं माडगं, बाजारच्या दिवशी सुकट. पावसाळ्यात आत्ती जंगलातून अळंबी आणी आणि ती भाजताना घरभर ओल्या मातीचा वास सुटे. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नाव पार्वती, आप्पा तिला आक्का म्हणत आणि वाडीतली माणसं पारूआक्का. घरात सर्वांत आधी ती उठे आणि चूल पेटवे. म्हशीचं तीच बघे. घराच्या आत ती मला मंगल म्हणे, उंबऱ्याबाहेर मात्र तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. ओढ्यावर, शेतात, रानात ती मला ‘काट्याची’ म्हणे. ‘ए काट्याची, पाण्याजवळ जाऊ नगंस.’ मला त्यात काही वेगळं वाटत नसे. वाडीतली सगळीच जुनी माणसं तसं करत.

ती खाणीतली रीत होती. बोगद्यात माणसाला नावानं हाक मारायची नाही. जमिनीला माणसाचं नाव कळू नये, एवढंच कारण सांगितलं जाई. सुरुंग उडाला, धूर बसला की मुकादम बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून एकेका वाडीचं नाव पुकारी. ‘काटा’ म्हटलं की आत असलेले काट्यावरचे एकामागून एक ओ देत. आधी सर्वांत जुना, मग त्याच्या मागचा. टोपल्या वाहायला बायका आत जात, त्यांची पाळी पुरुषांनंतर येई. लग्न होऊन नवी आलेली सर्वांत शेवटी. मुकादम अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत त्या मोजी. एक ओ कमी पडली तर माणूस दगडाखाली आहे असं समजून आत जात. आणि दुसरी बाजू अशी, की बोगद्यात कुणी नावानं हाक मारली तर गप्प बसायचं. आपलं माणूस तिथं नावानं हाक मारणार नाही. जो मारतो तो माणूस नव्हे.

आत्तीचं लग्न इंजनवाडीत झालं होतं. नवरा पाण्याचं इंजिन चालवायचा. मूल झालं नव्हतं. माझ्या जन्माच्या थोडं आधी, भर दुपारी, इंजनवाडीची जमीन खाली गेली. आवाज फार झाला नाही, असं सगळेच सांगत. धान्याचं पोतं उतरवताना होतो तसा झाला. घरं, इंजिनाची शेड, खालचा बोगदा, सगळं एकदम. आत्ती डोक्यावर टोपली घेऊन काट्यावर आली होती म्हणून वाचली. काही जणांची प्रेतं निघाली, बरीच निघाली नाहीत. बसाप्पा मुकादम कडेला उभा राहून वाडीचं नाव पुकारत राहिला. घसा बसला, तरी उभा राहिला. ओ आली नाही. मग वाड्यांतल्या जुन्या माणसांनी बसून ठरवलं की आता हे नाव कुणी घ्यायचं नाही. जे ओ देऊ शकत नाहीत त्यांना पुकारून त्रास द्यायचा नाही. तिकडून कधी हाक आली, कसलीही, तरी उत्तर द्यायचं नाही.

आत्तीच्या बांगड्या फोडल्या त्या काट्यावरच्या बायकांनी. पण तिच्या नवऱ्याचं प्रेत मिळालं नव्हतं. आणि त्या दिवशी सकाळी तो दगडाच्या ट्रकात बसून गोव्याच्या रस्त्याला लागलेला पाहिला, असं चाळीतल्या एका माणसानं सांगितलं होतं. घरात आदल्या रात्री भांडण झालं होतं, हे आत्तीनं स्वतः कबूल केलं होतं. तो ट्रक पुन्हा आमच्या बाजूला आला नाही. त्यामुळं आत्ती विधवा होती की टाकलेली, हे कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी विधवा धरली, कारण त्यात बोलायला कमी होतं. ती काय धरून होती ते तिनं कधी सांगितलं नाही. पंगतीत बायका तिला सवाष्णींत बसवत नसत आणि तीही आपणहून उठून चुलीकडं जाई.

मी बेळगावच्या कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. पाऊस उतरणीला लागला होता, भात दाण्यावर आलं होतं, आणि मी सुट्टीला घरी आले होते. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी असल्यानं आप्पाही घरी होते. सकाळी म्हैस दावं तोडून गेली आणि आत्ती तिच्या मागं गेली. दुपारी म्हैस एकटीच परत आली. पोटापर्यंत काळा चिखल लागलेला होता. आईनं तिला पाणी पाजलं आणि वन्संनी वाटेत अळंबी बघितली असणार, असं म्हणाली.

थोड्या वेळानं गुंडू आणि त्याचा मेव्हणा आमच्या अंगणात आले. दोघं आमच्याच वाडीतले, गुरं चारायला जाणारे. गुंडू एरवी फार बोलका माणूस. बैलाला शिव्या देतानाही यमक जुळवायचा. त्या दिवशी तो पायरीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि आप्पांकडं न बघता म्हणाला, “तिकडनं हाक येतीया.”

आप्पांनी विचारलं, कुणाची. गुंडू म्हणाला, “काट्याची. काटा, काटा म्हणून पुकारा चाललाय. जमिनीतनं.”

“ओ दिली न्हाय न्हवं?”

“न्हाय. मागं बगितलं बी न्हाय.”

“बरं केलासा,” आप्पा म्हणाले, आणि बसले.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. अंगणात माणसं जमली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच अर्थ होता आणि तो एका म्हातारीनं बोलून दाखवला : एक वाडी झाली, आता काट्याची पाळी. जमिनीला एक नाव पुरलं नाही. एकानं विचारलं की मुलांना आजच खालच्या गावात न्यावं का. दुसरा भिंतीवरून हात फिरवत भेगा बघत होता. ही माणसं भित्री नव्हती. त्यांनी एकदा दुपारच्या वेळी पोतं उतरवल्यासारखा आवाज ऐकला होता. आज भूगर्भाचे जाणकार सांगतात की पाणी चढलं की जुन्या बोगद्यांतली हवा फटींतून बाहेर पडते आणि तिचा आवाज बोलल्यासारखा होतो. ते खरं असेल. आमच्याकडं हे सांगायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या दिवशी ते स्पष्टीकरण चुकीचंच ठरलं असतं.

मी आईला विचारलं की आत्ती आली का. आई म्हणाली, न्हाय. मग ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटतं, आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं. आत्ती जमिनीत असती तर तिनं आप्पांना नावानं हाक मारली नसती. मला मारली नसती. तिनं वाडीला हाक मारली असती.

मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी मग कोपऱ्यातला दोर उचलला.

ओढ्यापलीकडं त्याआधी मी कधी गेले नव्हते. कारवीचं दाट रान होतं, मध्येच एखादा जोत्याचा दगड, आणि एका ठिकाणी तुळशीवृंदावनाचा तिरका झालेला चौथरा. पाखरं नव्हती असं मी म्हणणार नाही; पाखरं होती. माणसं ओढ्याच्या काठावरच थांबली. पुढं आले ते आप्पा, आई, मी, गुंडू आणि म्हातारा बसाप्पा मुकादम. तो भोंग्यावरून काठी टेकत आला होता, आणि त्याला कुणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. त्यानं काठीनं आम्हाला एका जागी थांबवलं. पुढची जमीन पोकळ आहे, म्हणाला. पंधरा-वीस पावलांवर झुडपं आत ओढल्यासारखी वाकली होती आणि मध्ये एक काळी फट होती. आत पाणी ठिबकत होतं.

हाक थांबली होती. आई न राहवून ओरडली, “वन्सं!” गुंडूनं तोंडाभोवती हात धरून हाक दिली, “पारूआक्का! ए पारूआक्का!”

उत्तर नाही. आई पुन्हा पुन्हा नाव घेत होती आणि मुकादम मान हलवत होता. तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत हळू म्हणाला, “नाव घेऊ नका. ती आतमंदी हाय. नाव ऐकलं की गप्पच बसंल.”

तेव्हा आप्पांच्या लक्षात आलं. आम्ही तिला नावानं हाका मारत होतो, आणि आत बसलेल्या आत्तीला त्या हाका जमिनीच्या वाटत असणार. आपलं माणूस नावानं हाक मारत नाही. आम्ही जितकं जास्त ओरडू तितकी ती जास्त गप्प राहणार होती. आप्पांनी सगळ्यांना थांबवलं आणि मोठ्यानं पुकारलं, “काटा!”

ओढ्याच्या काठावरून कुणीतरी सवयीनं ओ दिली. फटीतून काही आलं नाही. आप्पांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मुकादम म्हणाला की लेक दिली की ती माहेरच्या पुकाऱ्यात येत नाही. तिची ओ काट्यात नाही. ती ओ कुठल्या वाडीत येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हं डोंगरामागं चालली होती आणि आतलं ठिबकणं वाढल्यासारखं वाटत होतं.

मी आप्पांना म्हणाले, तिच्या वाडीचं नाव घ्या. ते म्हणाले, “ते नाव नगं.”

“मग आत्ती नगं?”

  आप्पांचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मी ते नाव त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. पहिल्यांदा ते अर्धवट आलं. दुसऱ्यांदा नीट आलं.

“इंजनवाडी!”

मागं ओढ्यावरची माणसं हलली. काही जण निघून गेले. आमच्यापैकी कुणी हललं नाही. उत्तर लगेच आलं नाही. ती शांतता बरीच लांबली. आत्ती गेली असं माझं मनात म्हणून झालं होतं, इतकी लांबली. आईनं माझा दंड धरला होता. मी मुकादमाकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले होते आणि मान फटीकडं तिरकी केली होती. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक पेर, मग थांबे, मग पुढचं पेर. एक हात संपला आणि त्यानं काठी काखेत धरून दुसरा हात घेतला.

मग आत्तीची ओ आली. बारीक, कोरडी, हजेरीला देतात तशी. मुकादमानं मूठ मिटली.

तिला बाहेर काढायला फार वेळ लागला नाही. ती फटीच्या तळाशी नव्हती, मध्येच एका लाकडी तुळईवर अडकली होती. खाली पाणी होतं. आप्पा दोर बांधून उतरले, गुंडू आणि ओढ्यावरची उरलेली माणसं दोर धरायला पुढं आली. पाय घोट्यात मोडला होता. तिला घोंगडीत घालून घरी आणलं. वाटेत ती एकदाच बोलली. म्हैस आली का, एवढंच विचारलं. गुंडूनं सांगितलं की ती कधीच आली, वैरण खाऊन रवंथ करत बसलीया, तुजी आठवण बी काढली न्हाय. आत्ती हसली.

घरी आईनं हळद गरम करून घोट्याला लावली. आत्तीनं माडगं प्यायलं. मग मी तिला विचारलं की तू लगेच ओ का दिली नाहीस. आम्हाला वाटलं तू गेलीस.

“माजी पाळी शेवटची न्हवं का,” ती म्हणाली. “सगळ्यांची ओ हुईस्तोवर थांबले.”

आईचा हात घोट्यावर थांबला. आत्तीच्या बोलण्यात काही नवल नव्हतं. दुकानात गर्दी होती, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. आप्पा दाराशी उभे होते. त्यांनी कुणाकुणाच्या आल्या असं विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “दाजींची?”

आत्तीनं मान हलवली. “न्हाय. सगळ्या नीट ऐकल्या मी. त्यांची ओ मला वळकू येती. त्यांची न्हवती.”

मी पुढं आयुष्यभर बातम्या तपासल्या. धक्का बसलेला, दिवसभर उपाशी, काळोखात अडकलेला माणूस काय ऐकतो याला साक्ष म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. बसाप्पा मुकादमाला मी नंतर विचारलं होतं की तो काय मोजत होता. सवय, असं तो म्हणाला, आणि दुसरं बोलू लागला. त्याच वर्षी तो वारला. किती पेरं झाली होती ते मी विचारायला हवं होतं की नको, हे अजून ठरलेलं नाही. मी स्वतः एकच ओ ऐकली. त्यापलीकडं माझ्याजवळ माहिती नाही.

एवढं मात्र झालं. पाय बरा झाल्यावर आत्ती आईबरोबर खानापूरच्या बाजाराला गेली आणि कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून आली. घरी येऊन तिनं आईकडं कुंकू मागितलं. आईनं आप्पांकडं बघितलं नाही, करंडा दिला. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आत्ती त्या बांगड्या घालून कपडे धूत होती आणि चारही वाड्यांच्या बायका बघत होत्या. पहिली बोलली ती मुकादमाची बायको. ती एवढंच म्हणाली की बांगडी जरा सैल झालीया. पुढच्या हळदीकुंकवाला तिनंच आत्तीला बोलावलं. भांडण करून गेलेला नवरा परत येईल असं कुणी म्हणालं नाही, आत्तीही नाही. तो आला नाही. काहीजणी पाठीमागं बोलत असणार. पण तिची पाळी शेवटची होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, याच्याविरुद्ध बोलायला कुणाजवळ काही नव्हतं.

आत्ती गेली ती फार नंतर. मी बेळगावहून पोचले तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घातली होती. हिरवं लुगडं, मळवट, भरलेली ओटी. विधी सांगायला खालच्या गावातून एक तरुण माणूस आणला होता. त्याला आमच्या वाड्यांची माहिती नव्हती. प्रेत सवाष्णीचं बघून त्यानं नवऱ्याला पुढं यायला सांगितलं. अंगणात कुणी हललं नाही. मालक कुठं हाईत, असं त्यानं दोनदा विचारलं. आप्पांना तेव्हा नीट ऐकू येत नसे. मी त्यांच्या कानाशी वाकून प्रश्न सांगितला.

ते मग अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “खाली न्हाईत. एवढंच आमास्नी ठावं हाय.”